आमवात आहे, पण शिलाईचं दुकान पुन्हा उघडायचंय. सल्ला हवा

सुईदोरा (वडगाव, बेळगाव) | १४ जून

नमस्कार मंडळी. मी लेडीज टेलर. ब्लाउज हे मुख्य काम, आणि त्यातही खणाचं. इरकलीवर गुळेदगुड्डचा खण शिवायचा म्हणजे काठ बाहीच्या कडेला सरळ उतरायला हवा, पाठीच्या दोन्ही बाजू सारख्या पडायला हव्यात. खणाचा पन्हा मुळात लहान. एकदा कात्री फिरली की दुरुस्तीला कापड उरत नाही. टेबलावर खण पसरून, खडूनं खुणा करून, पहिली कात्री घालायची ती वेळ मला दिवसातली सगळ्यात आवडती.

दुखणं दोन्ही हातांच्या बोटांपासून सुरू झालं, मग मनगटं धरली. सकाळी मूठच वळायची नाही. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायचा. दुपार झाली की जरा हात मोकळे व्हायचे. "मशीन चालवून चालवून झालंय, विश्रांती घे" असं सगळेच म्हणाले. शेवटी रक्त तपासलं तर आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही पॉझिटिव्ह. रुमॅटॉइड, म्हणजे आपण आमवात म्हणतो तो. गिऱ्हाइकांची न शिवलेली कापडं एकेकीला बोलावून परत दिली आणि दुकानाला कुलूप लावलं.

आता मेथोट्रेक्सेट चालू आहे, आठवड्यातून एकदा, जोडीला फॉलिक अॅसिड. सूज उतरलीय. रक्ताचे रिपोर्ट चांगले येतात. डॉक्टर म्हणाले, "काम करा, पण हात सांभाळून." घरात मात्र सगळ्यांचा विरोध. सासूबाई म्हणतात, "आता कशाला गे ते मशीन? बस की गप." त्यांनी माझे हात सुजलेले बघितलेत, माझी वेणीसुद्धा त्यांनीच घातलीय, म्हणून त्यांचा राग येत नाही. पण मला गप बसायचं नाही.

अडचणी सांगते. मेरठची जुनी कात्री, पितळी मुठीची, ती आता जड जाते. हूक-काजं आणि हातशिलाई दहा मिनिटांच्या वर होत नाही. इस्त्री उचलताना मनगटात कळ येते. आणि बॉबिन केस, म्हणजे मशीनमधली खालच्या दोऱ्याची डबी! तिची छोटी पत्ती नखानं ओढून धरली तरच ती मशीनमधून बाहेर येते. शिलाई न करणाऱ्याला ती पत्ती दिसणारही नाही, पण माझा अंगठा नेमका तिथंच अडतो.

असं दुखणं घेऊन हाताचं काम पुन्हा सुरू केलेलं कुणी आहे का इथं? काय बदललं, काय सोडलं, तेवढं सांगा.

तांबडी_माती (खानापूर) | १४ जून

अक्का, सुरू करा. आमच्या आईचे दोन ब्लाउज दुसऱ्या टेलरकडं शिवले, दोन्हींचा मुंढा काचतो. तुमच्यासारख्या माणसाची गरज आहे गावाला.

घरचा_उपाय (अनगोळ) | १४ जून

निर्गुंडीचा पाला तव्यावर गरम करून रात्री बांधा. एरंडेल सुंठीच्या काढ्यातून घ्या. वांगं, टोमॅटो, बटाटा पूर्ण बंद. आमच्या घरात तीन पिढ्या हेच चालत आलंय. इंग्रजी गोळ्या कायमच्या घेणं बरं नव्हे.

आधारपट्टी (टिळकवाडी, सध्या पुणे) | १५ जून

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हाताच्या दुखण्यातून माणसाला परत त्याच्या कामापर्यंत आणणं हाच माझा रोजचा उद्योग, त्यामुळं जरा लांबण लावते.

सगळ्यात आधी गोळ्यांचं. घरचा_उपाय, गरम पाल्याच्या शेकानं आखडलेली बोटं सैल होतात, शेकायला माझी हरकत नाही. पण आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. ती आग वेळेत थांबवली नाही तर कूर्चा आणि हाड झिजतं, आणि झिजलेलं परत येत नाही. शेकानं आणि तेलानं दुखणं कमी वाटतं, आतली झीज थांबत नाही. सुईदोरा ताईंचे हात आज कात्रीचा विचार करण्याजोगे आहेत ते त्या गोळीमुळं. पोटातून घ्यायचा कुठलाही काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण मेथोट्रेक्सेटवर असताना यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. वांगी-टोमॅटो सरसकट बंद करायला पक्का आधार नाही. एखादी भाजी खाल्ल्यावर त्रास होतोय असं स्वतःला जाणवलं तर तेवढी टाळा.

आता काम. ताई, तुम्ही "ब्लाउज शिवणं" असं एकच काम धरून बसू नका. त्यात माप घेणं आहे, आखणी आहे, कापणं आहे, मशीन आहे, हातशिलाई आहे, इस्त्री आहे. प्रत्येकात हाताची पकड वेगळी. चिमटीची पकड सगळ्यात वाईट, कारण चिमटीत लावलेल्या जोराच्या कितीतरी पट दाब अंगठ्याच्या बुडाशी येतो. हूक लावणं, सुईत दोरा ओवणं, उसवणं, बॉबिन केस काढणं, हे सगळं चिमटीचं. तुम्ही लिहिलेल्या अडचणी वाचा, बहुतेक तिथल्याच आहेत.

कात्री: जड कात्री हवेत उचलून धरू नका. खालचं पातं टेबलावर टेकवून पुढं सरकवायचं, म्हणजे वजन टेबल घेतं. धार कायम चोख ठेवा, बोथट कात्रीला दुप्पट जोर लागतो. स्प्रिंगची कात्री आपण होऊन उघडते, निम्मे कष्ट वाचतात. सरळ रेषांना गोल पात्याचा कटर चालतो, पण खाली चटई हवी आणि घरात लहान मूल असेल तर तो उघडा ठेवायचा नाही.

टेबल: उभं राहून कापत असाल तर टेबलाची उंची कोपराच्या थोडी खाली हवी. आपल्याकडं बहुतेक टेबलं बुटकी असतात, मग खांदा पडतो आणि सगळा भार मनगटावर येतो. पायाखाली विटा किंवा लाकडी ठोकळे घाला.

वेळ: सकाळचा कडकपणा असेपर्यंत कात्रीला हात लावू नका. कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हळूहळू हलवा, मग कामाला बसा. आणि एक खूण लक्षात ठेवा: काम थांबवल्यावर दुखणं दोन तासांपेक्षा जास्त टिकलं तर त्या दिवशी काम जास्त झालं. दुसऱ्या दिवशी कमी करायचं. अंदाजानं ठरवू नका, मापांच्या वहीतच मागच्या पानावर लिहून ठेवा.

सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी दुकान बंद. त्यात शरम कसली!

सुईदोरा | १५ जून

आधारपट्टी ताई, हे तुम्ही जे कामाचे तुकडे पाडून दाखवलंत ना, तसं मी कधी बघितलंच नव्हतं. वाचून रात्री वही काढली आणि प्रत्येक कामापुढं लिहिलं: आवडतं किती, दुखतं किती. हातशिलाई दुखते फार आणि आवडत नाही फारशी. इस्त्री तशीच. मशीन मध्यम. कापणं दुखतं, पण ते सोडलं तर बाकीचं करून काय उपयोग?

निपाणीकर | १६ जून

थोडं वेगळं बोलतो, रागावू नका.

माझी आई बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओलं केलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचं, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, तोंड दुमडायचं. मजुरी हजार बिड्यांमागं. म्हणजे बोटं थांबली की पैसे थांबले. तिची बोटं सुजायला लागली तेव्हा कुणी रक्त तपासलं नाही. "वय झालं" म्हणाले. ती सुजलेल्या बोटांनी वळत राहिली. शेवटी बोटं एका बाजूला कलली आणि तिला भाकरीसुद्धा थापता येईना.

तुमच्याकडं बंद करायची सोय आहे. घरचे बस म्हणतायत. तर मग परत त्या कात्रीच्या मागं का लागता? काम आवडीचं आहे की पोटाचं, हे सांध्याला कळत नाही. दोन्हीत तो सारखाच झिजतो.

तांबडी_माती | १६ जून

निपाणीकर, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. पण अक्कांना घाबरवू नका ओ.

सुईदोरा | १६ जून

तांबडी_माती, त्यांना बोलू द्या. त्यांनी लिहिलं ते डोळ्यानं बघितलेलं आहे.

निपाणीकर भाऊ, तुमच्या आईंना तीन गोष्टी मिळाल्या नाहीत: निदान, औषध आणि थांबायची मुभा. मला तिन्ही मिळाल्यात. म्हणूनच मी आधीसारखं रात्री अकरापर्यंत बसायचं म्हणत नाहीये. सोय आहे म्हणून घरी बस, असं तुम्ही म्हणता. सोय आहे म्हणूनच मला जपून काम करता येईल, असं मला वाटतं. ज्या बाईला उद्याच्या पिठाची काळजी आहे तिला "आज हात सुजलेत, दुकान बंद" म्हणता येत नाही. मला म्हणता येईल.

आणि घरी बसून काय झालं तेही सांगते. हात बरे झाले ते गोळ्यांनी. बसल्यानं वजन वाढलं, खांदे आखडले, आणि दिवसभर कुणी "अक्का, जरा गळा बघा की" म्हणायला आलं नाही. लग्नाच्या आधी मुली येतात, आईची जुनी साडी घेऊन येतात, काठ वाचवून काहीतरी करा म्हणतात. मी तो काठ हातात घेऊन कुठून कापायचं ते ठरवते. त्यातून मी मी असते.

निपाणीकर | १६ जून

बरं. थांबायची मुभा असेल तर ठीक. पण ती मुभा दिवाळीच्या तोंडावर टिकते का ते बघा.

जाता जाता एक. तंबाखू ओढणाऱ्याला आमवाताचा धोका जास्त असतो आणि औषधही नीट लागू पडत नाही, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या भागात हे मोठ्यानं सांगायला हवं.

काळी_चार (शहापूर) | १८ जून

मी पेटी शिकवतो. पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात पेटी शिकवायची म्हणजे जबाबदारीच. माझा संधिवात सुईदोरा ताईंचा नव्हे, झिजेचा आहे. बोटांच्या शेवटच्या पेरांवर कठीण गाठी आल्यात आणि अंगठ्याचं बूड दुखतं. डॉक्टरांनी दोन्हींतला फरक समजावला: झिजेच्या दुखण्यात सकाळचा कडकपणा साधारण अर्ध्या तासात जातो आणि काम केलं की दुखणं वाढतं, आमवातात कडकपणा तासाच्या वर राहतो, हालचाल केली की उलट बरं वाटतं, आणि दोन्ही हात सारखे धरतात. माझ्याकडं येणाऱ्या पालकांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडं सगळ्यालाच "वात" म्हणून मोकळे होतात.

मी काय बदललं? द्रुत ताना स्वतः वाजवून दाखवणं बंद केलं. विद्यार्थी वाजवतो, मी गाऊन सांगतो. भाता जड होता, तो दुरुस्त करून घेतला, आता डाव्या हाताला निम्मा जोर लागत नाही. विलंबित लयीत साथ अजून करतो, आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा बरी करतो. हात धावत नाही म्हणून कान जास्त ऐकतो. गायकाच्या दोन सुरांमधली जागा भरायची घाई सुटली.

सोडलेल्या गोष्टीचं दुःख होतंच. मैफलीत कुणी तरुण सफाईनं सपाट तान काढतो तेव्हा माझी बोटं मांडीवर आपोआप हलतात. पण शिकवणं राहिलं, आणि माझ्या कामाचा गाभा तोच होता हे मला त्यामुळं समजलं.

वाचनकट्टा (कॅम्प) | १८ जून

काळी_चार सर, तुमचं वाचून दोन माणसं आठवली. फ्रान्सचा चित्रकार रेन्वार. त्याला आमवातानं गाठलं, बोटं आत वळली, शेवटी चाकाच्या खुर्चीत बसून, हाताला कापडी पट्ट्या गुंडाळून तो रंगवायचा. १९१९ साली जाईपर्यंत त्यानं ब्रश सोडला नाही. दुसरे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड. १९६७ साली माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं ते. त्यांनाही आमवात होता. त्यांनी १९८३ मध्ये शस्त्रक्रिया थांबवल्या. चित्र बिघडलं तर पुन्हा रंगवता येतं, उघड्या छातीवर तसं चालत नाही. दोघांनीही आपापल्या कामाचा विचार करूनच ठरवलं असणार.

आणि काळही बघा. मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली १९८८ साली. या दोघांच्याही वाट्याला वेळेत आलं नाही ते औषध आज वडगावातल्या टेलरला मिळतंय. मला याचं फार अप्रूप वाटतं.

मास्तरीण (जांबोटी रस्ता) | १९ जून

मी सरकारी मराठी शाळेत शिकवते. मलाही आमवातच. फळ्यावर लिहिताना हात खांद्याच्या वर जातो, तिथं माझं अडायचं. आता मोठ्या कागदावर आदल्या दिवशी लिहून ठेवते, वर्गातली मुलं आळीपाळीनं फळ्यावर उतरवतात. त्यांचं अक्षर सुधारलं हा फायदा वेगळाच.

नोकरदारांसाठी एक गोष्ट लिहून ठेवते. आजारी रजेवरून परत आल्यावर एका वरिष्ठानं "झेपत नसेल तर स्वेच्छानिवृत्ती घ्या" असं सुचवलं होतं. मी घरी येऊन कायदा वाचला. दिव्यांग हक्क कायदा, २०१६. त्याचं कलम २० सांगतं की सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या कामावर घ्यायचं. मी तो उतारा छापून अर्जाला जोडला, नंतर तो विषय निघाला नाही. आरक्षणासारख्या सवलतींना ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, ते वेगळं.

सुईदोरा ताई, तुम्हाला हे लागू नाही, स्वतःच्या धंद्याला असलं कवच नसतं. पण पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात शिंपीकाम आहे. प्रशिक्षणासोबत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात, शिवाय ५ टक्के व्याजानं कर्ज, पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत. मशीन बदलायचं असेल तर पंचायत किंवा सेवा केंद्रात चौकशी करा.

हातमाग (शहापूर) | २१ जून

आईबद्दल लिहिते. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीत आमच्या गल्लीत घरटी एक माणूस अंथरुणावर होतं. ताप गेला, आईचे सांधे मात्र धरूनच राहिले. मागावर बसता येईना. कुणीतरी आणून दिलेली बिननावाची पुडी तिनं घेतली. दोन दिवसांत उभी राहिली, माग चालवू लागली, आम्ही पुडीवाल्याला देव मानलं. पुढं चेहरा सुजला, साखर वाढली, पुडी बंद केली की उठताच येईना. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, लक्षणं स्टिरॉइडची आहेत, पुडीत तेच असणार. एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून हळूहळू उतरवावं लागलं.

कामावर लवकर परतायच्या घाईत असलं काही कुणी घेऊ नका, एवढंच सांगायचं आहे.

आधारपट्टी | २१ जून

हातमाग, हे लिहिलंत फार बरं केलंत. चिकुनगुन्यानंतर काहींचे सांधे महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षं दुखतात. पण "चिकुनगुन्याचंच असेल" म्हणून आमवात निसटायला नको, तपासून घ्यावं.

धागा बरेच जण वाचतायत म्हणून आणखी एक. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकच दिवस असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. पाकीट बदललं, दुकान बदललं, घरातलं दुसरं कुणी गोळ्या देऊ लागलं की हा गोंधळ होतो. वार ठरवा आणि पाकिटावर मराठीत, कन्नडमध्ये, वाचणाऱ्याला कळेल त्या भाषेत मोठ्या अक्षरांत लिहा. रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, ही गोळी गरोदरपणात चालत नाही.

घरचा_उपाय | २२ जून

आधारपट्टी ताई, मी लिहिलं ते चांगल्या मनानंच लिहिलं होतं. माझ्या बहिणीची बोटं सकाळी आखडतात आणि ती शेकावरच आहे. तिला तपासायला घेऊन जातो. कुणाला दाखवायचं?

आधारपट्टी | २२ जून

संधिवाततज्ज्ञ म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट मिळाले तर उत्तम. नाही तर फिजिशियन. लवकर न्या. सुरुवातीच्या महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचायची शक्यता पुष्कळ वाढते. पूर्वी आपली माणसं रेल्वेनं मिरज गाठायची, आता बेळगावातही सोय आहे.

तांबडी_माती | २ ऑगस्ट

अक्का, पुढं काय झालं? कळवा की.

सुईदोरा | २४ ऑगस्ट

उशीर झाला, पण सांगण्यासारखं झाल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं. नागपंचमी झाल्यावर दुकान उघडलं.

आधी टेबल उंच केलं. सुताराकडून चारी पायांना ठोकळे बसवून घेतले. कापताना खांदा दुखायचा तो थांबला, आणि तो खांदा टेबलामुळं दुखत होता हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. जुन्या पायडल मशीनच्या जागी जुकी घेतली, वापरलेली. सर्व्हो मोटर आहे, आवाज नाही, हळू सुरू होते. कापड दाबून धरणारं फूट गुडघ्याच्या दांड्यानं उचलतं, मागं हात न्यावा लागत नाही. बॉबिन केसचा प्रश्न मात्र जुकीतही आहेच. त्यावर तोडगा असा: गल्लीतल्याच एका मुलीला शिकायला ठेवलंय, ती सकाळी येऊन सगळ्या बॉबिन भरून ठेवते आणि केस बदलते. हूक-काजं, फॉल, इस्त्री तिच्याकडं. तिला महिन्याला ठरलेले पैसे देते, फुकट शिकाऊ म्हणून राबवायचं मला पटत नाही.

कापणं माझ्याकडं आहे. सगळं.

मेरठची कात्री हलक्या कामाला नाही चालत, पण खणाला तीच लागते, कारण ती घसरत नाही. खालचं पातं टेबलावर टेकवून चालवते. अस्तर कापायला हलकी स्प्रिंगची. पूर्वी चार-चार अस्तरं एकावर एक ठेवून एकदम कापायची, आता दोनच. वेळ जास्त जातो. जाऊ दे.

दुकान अकराला उघडते, मध्ये जेवण आणि पडणं, संध्याकाळी दिवेलागणीला बंद. पाटी लावलीय: "अर्जंट काम घेतलं जात नाही." कन्नडमध्येही लावलीय, म्हणजे कुणाला बोलून नाराज करायला नको.

पहिल्या आठवड्यात भीती होती की गिऱ्हाईक परत येणार नाही. आली ती एक जुनी गिऱ्हाईक, येळ्ळूरची. मी तिला आधीच सांगितलं की आता सगळं मी शिवत नाही, मुलगी हातशिलाई करते, थोडा फरक वाटेल. ती म्हणाली, "अक्का, तुम्हीच कापा ओ. शिवायला कोणाकडं बी द्या." ते ऐकून फार बरं वाटलं. गिऱ्हाइकाला माझ्याकडून काय हवं असतं ते मला इतक्या वर्षांत कुणी असं सांगितलं नव्हतं.

सगळं छान चाललंय असं नाही. जुलैपासून पावसानं उसंत दिली नाही, ओल्या थंडीत सकाळी बोटं जास्त धरतात. गणपतीच्या आधी काम वाढलं आणि दोन दिवस दोन तासांची खूण ओलांडली. वहीत लिहिलं, पुढचा दिवस मुलीनं दुकान सांभाळलं, मी नुसती बसून मापं घेतली. मिळकत पूर्वीच्या निम्मी आहे. शिलाईचा दर वाढवलाय, काहीजणी त्यामुळं दुसरीकडं गेल्या. सासूबाई अजून बोलतात, पण दुपारी मला चहा दुकानात आणून देतात आणि कापलेल्या खणाकडं बघत उभ्या राहतात.

आधारपट्टी | २४ ऑगस्ट

ताई, ओल्या थंडीनं कडकपणा जास्त जाणवतो, सांधा त्यामुळं झिजत नाही, तेवढी काळजी मनातून काढा. बिनबोटांचे लोकरी हातमोजे घालून काम करून बघा. बॉबिन केससाठी: छोटा चिमटा पत्तीखाली घालून उचलता येते का पाहा, म्हणजे मुलगी नसेल त्या दिवशी अडायला नको. आणि मनगटाची पट्टी रात्री वापरताय का?

सुईदोरा | २५ ऑगस्ट

पट्टी वापरतेय. चिमट्यानं जमलं! पहिल्यांदा निसटला, पण त्याचं टोक थोडं वाकवून घेतलं आणि जमलं.

काळी_चार | २५ ऑगस्ट

ताई, शिकायला ठेवलेल्या मुलीला कापणंही दाखवा. आत्ता हात देतोय तोवर. हात गेल्यावर शिकवणं अवघड असतं, कारण काही गोष्टी करूनच दाखवाव्या लागतात.

सुईदोरा | २५ ऑगस्ट

खरं आहे सर. जुन्या साडीच्या तुकड्यावर सुरुवात केलीय. खणावर अजून नाही. तिचा हात धीट आहे, घाई थोडी जास्त आहे.

निपाणीकर | २६ ऑगस्ट

वाचलं सगळं. "अर्जंट काम घेतलं जात नाही" ही पाटी बघून बरं वाटलं. बायकोची इरकल आहे, तिच्यावर खण शिवायचा आहे. दिवाळीच्या आधी मिळेल का?

सुईदोरा | २६ ऑगस्ट

भाऊ, दिवाळीपर्यंत जेवढं झेपतं तेवढं घेऊन झालंय. वैनींना तुळशीच्या लग्नानंतर घेऊन या, दुपारी अकराच्या पुढं. मापाला त्या स्वतः हव्यात, जुना ब्लाउज नुसता पाठवू नका. आणि खण घेताना दोन बोटं जास्तीचा घ्या.